दहावा भाग पाणी

लगदा कधीच ठार कोरडा विकत नाहीत.
हे मला कालेर्वोने पहिल्याच दिवशी सांगितलं,
हौकिनिएमी बंदराच्या वजनकाट्यापाशी,
तोंडातला पाइप न काढता:
शंभर किलोंत दहा किलो पाणी धरायचं.
सगळे देश असंच धरतात.
त्याला म्हणायचं हवेत वाळलेला टन,
आणि हसायचं नाही.

मी हसले नाही.
एकोणीस वर्षांची होते, नोकरी नवी,
आणि बाहेर समुद्र गोठलेला,
जहाजासाठी बर्फ फोडणाऱ्या बोटीचा आवाज
दिवसभर दातांत.

जानेवारीत देशोदेशींचे आकडे यायचे.
मी कॅन्टीनच्या भिंतीसाठी तक्ता करायची,
शेजारी शेजारी उभे खांब.
कॅनडा लाल. स्वीडन पिवळा.
आमचा निळा, विचारायचं काय त्यात.
निळी पेन्सिल दर दोन हिवाळ्यांनी नवी लागे.
हिरवीवरची सोनेरी अक्षरंसुद्धा
कित्येक वर्षं पुसली नाहीत.
हिरवा म्हणजे ब्राझील,
कागदाच्या तळाला
पायपुसण्याएवढा.

मग एका फेब्रुवारीत दिर्सेऊ आला,
दोन कोटांवर तिसरा कोट घालून,
ओस्सियानकडून वाळवणीचं यंत्र शिकायला.
आमच्या सॉनामागे स्प्रूसचा एक बुंधा होता,
त्यावरचा बर्फ हातमोज्याने झाडून
त्याने वर्तुळं मोजली.
त्र्याऐंशी.
पुन्हा मोजली.
आमच्याकडे सात, तो म्हणाला, की तोडतात.
माझी थोरली झाडापेक्षा मोठी आहे.
ओस्सियान म्हणाला, सात वर्षांत आमचं झाड
फार तर बर्फातून डोकं वर काढतं.
दोघं खूप हसले.
त्या रात्री ओस्सियानने माशाचं सूप
तसंच ठेवलं.

त्यानंतर हिरवीला टोक करावं लागलं.
मग वर्षातून दोनदा.
मग मी तक्त्याला वरून कागद चिकटवला,
मग आणखी एक,
खांब छताच्या पाइपाला टेकला
आणि पोरं म्हणाली, तेल्लेर्वो,
आता भोक पाड.

गिरणी एका गुरुवारी बंद झाली.
यंत्र सोडवायचं काम ओस्सियानलाच दिलं.
प्रत्येक बोल्टवर खडूने नंबर,
अकरा आठवडे.
खोक्यांवरचा पत्ता दिर्सेऊच्या राज्याचा.
हा माल कुठल्या रकान्यात लिहायचा?
लगद्यात बसत नव्हता.
मी समासात लिहिला, बारीक अक्षरात,
बेरजेच्या बाहेर.

नव्या वर्षाला दिर्सेऊचं पत्र आलं.
दोना तेल्लेर्वो, आता आम्ही पहिले.
तुमची हिरवी संपली असेल,
म्हणून एक डझन पाठवतोय.
यंत्र छान चालतं. ओस्सियानचे खडूचे आकडे
मी पुसू दिले नाहीत.
खाली, सही झाल्यावर, वेगळ्या शाईत:
झेनिल्डा आत्याच्या विहिरीला
दोनदा दोर जोडावा लागला.
चहूबाजूंनी निलगिरी आहे, ओळीत उभी,
आणि तिला तहान फार.

ओस्सियान तेव्हा नव्हता.
पत्र मी मोठ्याने वाचलं तरीही.

परवा तक्ता काढून नेला कोणीतरी, संग्रहालयासाठी.
जाण्याआधी मी मागच्या कोऱ्या बाजूवर
निळ्याचा दहावा भाग काढला,
सगळ्या वर्षांचा, हातचे धरून, बोटांवर.
किती पाणी आम्ही गाठोडी बांधून
परदेशी धाडलं.
फार नाही निघालं.
ओस्सियान ज्यात पर्च धरायचा
तेवढं एक तळं,
बोट आणि तिच्या गळतीसकट.

हिरव्याचा मी काढला नाही.
पेन्सिली होत्या, वेळही होता.
पण ते गणित झेनिल्डाबाईंचं.
त्यांच्याकडे दोर आहे.