हाफसेट

ओरोसच्या होस्टेलात सिनियर सुकन्या वायंगणकरकडून
साडेपाच हजारांना घेतला मी हाफसेट:
एका माणसाची उजवी बाजू, तांदळाच्या पिशवीत,
कवटी टॉवेलात गुंडाळून वर.
आधीच्या पोरींनी हाडं रंगवलेली,
स्नायू निघतो तिथे लाल, जाऊन धरतो तिथे निळा.
मांडीच्या हाडावर बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलंय,
'व्हायवाला हमखास.'

दिवाळीच्या सुट्टीत घरी निघाले.
कसालला गाडी बदलली. कंडक्टरनं पायानं पिशवी सारली,
"काय गो, लाकडां?"
"पुस्तकं."
अर्ध्या माणसाला हाफ तिकीट पडतं का,
हा विनोद मैत्रिणींसाठी राखून ठेवला.

तळाशील म्हणजे वाळूची पट्टी,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र,
लपवायला जागाच नाही कशाला.
आईनं उंबऱ्यावर हात आडवा धरला:
"डॉक्टर हो, काय व्हयां ता हो,
पण ह्यां घरात नको."
म्हणून जाळ्यांच्या खोपीत अभ्यासाला बसले,
मोबाईलची बॅटरी मेढीला बांधून.
खोपीला डांबराचा वास, सुक्या बांगड्याचा वास.
हाडांना कसलाच नाही.
त्याचंच नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या रात्री बाबा जाळं शिवायला आले.
दातात दोरा, बराच वेळ शब्द नाही.
मग गळ्याखालचं ते वाकडं हाड उचललं,
नव्या वल्ह्याचं वजन घ्यावं तसं तळव्यावर तोललं.
"बाप्यामाणसाचां?"
मी पाढे म्हणावेत तशी सुरू झाले:
उजव्या बाजूचं. गोल टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे.
आतलं टोक पुरतं जुळलंय, म्हणजे पंचविशी ओलांडलेली.
बाई की पुरुष, ते एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही.
"नाव?"
ते आम्हाला देत नाहीत, बाबा.

"किती हाडां माणसाक?"
दोनशे सहा.
हात दोऱ्यावर थांबला.
"भिवाक भटान तीनशे साठ लावल्यान."

भिवाकाका. होडी आली होती, काका आला नव्हता.
मी जन्मायच्या आधीची गोष्ट.
देवबागेपर्यंत किनारा पालथा घातला,
आणि शेवटी दर्भाचा माणूस केला,
डोक्याला नारळ, हाडांच्या जागी पळसाचे देठ.
एवढं मला ठाऊक होतं.
देठ मोजून लावतात, हे ठाऊक नव्हतं,
आणि मोजताना बाबा समोर बसले होते, हेही.
सत्तावीस वर्षांचा होता.

बाबा हसले, म्हणजे नाकातून श्वास सोडला.
"मगे जास्तीचीच गावली तेका."

जिभेवर आलं होतं,
की जन्मताना हाडं तीनशेच्या आसपास असतात,
माणूस वाढतो तशी एकमेकांत जुळतात,
आणि पुढे सबंध एक परिच्छेद.
परीक्षेत त्याला दोन गुण असतील.
मी पान उलटलं.
बाबांनी विचारलं, ह्यां खंय ठेवू,
आणि मी दाखवलं तिथेच ठेवलं,
गोल टोक आतल्या बाजूला करून.

निघायच्या पहाटे पिशवी अंगणातच होती, घराबाहेर,
पण तिच्यावर आईचं जुनं लुगडं टाकलेलं.
"दव पडतां," एवढंच म्हणाली
आणि माझ्याकडे न बघता चुलीकडे गेली.

होस्टेलवर पिशवीचं तोंड उघडेना.
बाबांनी मारलेली गाठ, रापणीच्या दोराची,
ओढावी तसतशी आवळत जाणारी.
निशात मुकादम शेजारच्या खोलीतून ब्लेड घेऊन आली,
"काप की गं, सोमवारी टेस्ट आहे."
नको म्हटलं.
खाली बसले, नखांनी उकलत.
ती दारात उभी राहिली थोडा वेळ, मग तीही बसली, ब्लेड बाजूला ठेवून.
पहिला पेच सुटला तेव्हा
अकरा वाजून गेले होते.