निवळ

रबाळे एमआयडीसी. खाली गॅस्केटचा कारखाना,
वर आम्ही तिघं आणि एक उसना सूक्ष्मदर्शक.
आई गावाकडे सांगत सुटते,
'रक्ताचं पाणी करते पोरगी तिकडं.'
अगदी शब्दशः, आई.
फक्त ते पाणी गुलाबी आलं
की दिवस फुकट.

आवृत्ती चौदा : दुभाग्यावर गुठळी.
एकोणीस : पेशी फुटल्या. गुलाबी.
बावीस : काचेचं आणि सिलिकॉनचं पटलंच नाही,
थेंब चिरेतून टेबलावर,
आणि नीलांबरी मढवी बोटाला कापूस धरून,
'उद्या तुझं बोट हं.'
तो उद्या मी टाळत राहिले.

टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यात
केसाहून बारीक वाट.
पंप नाही, वीज नाही,
गरगर फिरवणारं यंत्र नाही.
ते जिथे पोचत नाही, तिथल्यासाठीच तर हे.
रक्तानं आपणहून चालावं
आणि चालता चालता वेगळं व्हावं.
मी जाळ्या लावल्या, खांब लावले.
जितकी अडवणूक, तितकी गर्दी.

गोठिवलीला तिचे काका हसुराम
एकेकाळी खारबांधावरची उघाडी सांभाळत.
तिथे आता थंडगार खोल्यांत सर्व्हर झोपतात.
माझं चित्र त्यांनी उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.
'आरवतं कनाला? गाल मधल्या धारंला धावतं,
काठाचं पानी निवल रातं.
मोठी वाट गालाला दे,
बारकी काठाशी फोर.'

एकतीस.
लाल धार मधोमध निघून गेली,
आणि काठच्या बारक्या वाटेत
वरणावर साचते तशी
पिवळसर निवळ, इवलीशी, चढत गेली.
आम्ही ओरडलो. खालून कुणीतरी पत्रा ठोकला.

मग माझं बोट.
माझं रक्त तिसऱ्या वळणावर
गोठ्यातल्या म्हशीसारखं बसून राहिलं.
तीनदा केलं. तीनदा बसलं.

संध्याकाळी जुनी वही चाळली.
माझं हिमोग्लोबिन तेरा.
नीलांबरीचं साडेआठ.
सहा महिने ते आकडे माझ्याच अक्षरात,
आणि मी फक्त वाटांची रुंदी वाचत होते.

सेक्टर नऊच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणल्या.
तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं, काकांसारखंच.
'म्हणजे मी बरी झाले की
तुझं डिझाइन बंद पडणार?'
हो, म्हटलं.
ती हसली, पाणी मागितलं.
मी वहीत बत्तीस लिहिलं
आणि पुढची ओळ रिकामी ठेवली.