शेऱ्याचा रकाना

बिश्केकहून निघताना माझ्याजवळ
अकरा टॅब्लेट होते, चार्जरची एक पेटी,
आणि मंत्रालयाचं पत्र. त्यात 'परिवर्तन' हा शब्द
सात वेळा आला होता.
मी मोजला. आठ तासांच्या रस्त्यात
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

नारीनच्या पुढे, कालव्याच्या तोंडाशी,
दोरोनबेक पाटकऱ्यानं वही उघडली
तर आधी सुकलेलं गवत पडलं.
अठ्ठावीस उन्हाळ्यांची पाणीपाळी.
कोणाचं बारं कधी, किती वेळ, कुठल्या चारीतून,
सगळं निळ्या शाईत.
पण कारभार चालायचा तो समासातल्या पेन्सिलीवर:

'हिचा नवरा रशियात. रात्रीची पाळी देऊ नये.'
'भाऊ भाऊ बोलत नाहीत. मधे एक तास सोडणे.'
'बार्ली करपतेय. माझ्या वाट्यातलं दिलं.'
आणि एका पानावर नुसतंच:
'बर्फ कमी.'

माझ्या फॉर्मला तेरा रकाने.
प्रत्येकापुढे लाल चांदणी,
भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.
"हा मधला तास कोणाच्या नावावर घालू?"
"कोणाच्याच नाही," तो म्हणाला, "तो भांडणाचा तास आहे."
सिस्टिमला निनावी पाणी चालत नाही.
मी तो तास 'गळती' म्हणून नोंदवला.

आठवडाभर राजधानीतल्या पडद्यावर
आमचा तालुका हिरवागार.
मग सिस्टिमनं आपलं काम चोख केलं,
गळती शोधली, बुजवली.
दोन्ही भावांच्या पाळ्या एकमेकींना खेटून आल्या.
नवव्या दिवशी पहाटे
धाकट्या तालाईच्या खांद्याचं हाड मोडलं,
फावड्याच्या दांड्यानं.
टॅब्लेटवर त्या वेळचा निरोप अजून आहे:
'पाळी यशस्वीरीत्या पूर्ण.'

आणि बुरुलकान, नवरा रशियात असलेली,
दोन चाळीसला दारं धरायला आली
एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात
झोपेत चालणारा मुलगा.
तिनं तक्रार केली नाही.
तक्रारीचा रकाना होता. रिकामाच राहिला.

बैठकीत मी एकच मागितलं: शेरा.
सक्तीचा नको, चांदणी नको, तळाशी चालेल.
सल्लागार म्हणाले, मोकळ्या मजकुराचं विश्लेषण होत नाही.
मी म्हटलं, वाचता येतो.
कोण वाचणार?
पाटकरी.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही,
मग कोणीतरी घड्याळ पाहिलं
आणि एकशे साठ अक्षरं मंजूर झाली.

"एवढी कशाला?" दोरोनबेक म्हणाला.
एका अंगठ्यानं, चष्मा कपाळावर चढवून,
त्यानं सबंध वही उतरवायला घेतली.
गवत मात्र वहीतच ठेवलं.

सप्टेंबरात मी नोंदी तपासत होते.
वापरकर्त्यांच्या यादीत माझं नाव, ऐसाल्किन,
आणि त्यापुढे, जिथे कोणी काही लिहीत नाही, तिथे:
'शहरातली. हुशार आहे.
एकदा रात्रीची पाळी हिला द्यावी.'

गेले. उसने बूट, उसनं फावडं.
थंडीनं टॅब्लेट दोनला बंद पडला.
पाणी दिसलं नाही आधी, ऐकू आलं,
काळोखात कोणीतरी गोणपाट ओढत आणावं तसं.
कुठल्या वाफ्याला किती, मला ठाऊक नव्हतं.
बांधावरून बुरुलकान म्हणाली,
"डावीकडं. अजून थोडं. आता थांब."
मी थांबले.