आता तुझी पाळी

नऊ वर्षं, रोज रात्री दहाला एक गोळी.
एकवीस दिवस, मग सात दिवस सुट्टी,
आणि सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी, बहुधा गुरुवारी,
फिकट, आज्ञाधारक रक्त.
मी त्याला माझं समजत होते.
डॉक्टर त्सिआला म्हणाल्या, ते गोळीचं होतं,
गोळी थांबली की यायचं,
एवढंच त्याला शिकवलेलं.

फेब्रुवारीत पाकीट संपलं, नवं आणलं नाही.
आता ऑक्टोबर. कुताइसीत द्राक्षं उतरवून झाली.
मार्चमध्ये गोचा बोटांवर दिवस मोजायचा.
मे संपता संपता मोजणं सोडलं,
निदान माझ्यासमोर.
चार वेळा पट्टी भिजवली. चारही वेळा एकच रेघ.
सातवीच्या मुलांना मी शिकवते,
उणे गुणिले उणे, उत्तर अधिक.
मूल नाही, रक्तही नाही:
कितीही मांडलं तरी
उत्तर येत नाही.

रक्त तपासून झालं, सोनोग्राफीही.
"सगळं जागच्या जागी आहे," त्सिआला म्हणाल्या,
"अजून जागं झालं नाही, इतकंच.
नव्या वर्षापर्यंत वाट पाहू."
कपाटात पॅडचं पाकीट, न फोडलेलं.
त्यावर आता हिवाळ्याचे मोजे.

काल अनझोर मामाच्या अंगणात जेवण होतं.
जमिनीत पुरलेला गेल्या वर्षीचा रांजण उघडला.
मी पेला पालथा ठेवला.
डोकं दुखत होतं, बाकी काही नाही.
टेबल क्षणभर गप्प झालं.
मग सासूबाईंनी म्झेविनारला कोपर मारलं
आणि अक्रोड भरलेली वांगी
तीनदा माझ्याकडे सरकली.

मामा उठला. शिंग उंच धरून म्हणाला,
"जे अजून आलेलं नाही, त्याच्या नावानं!"
सगळे उभे राहिले.
गोचासुद्धा, माझ्याकडे न बघता.
मामा खोटं बोलत नव्हता.
फक्त त्याचं 'जे' वेगळं होतं
आणि माझं वेगळं.

मग शिंग वळलं.
"नातेला, बोल. आता तुझी पाळी."

बोलायला काही सुचलं नाही.
पेला सुलटा केला, म्हटलं, भर, काठोकाठ.
लाल, जवळजवळ काळी.
हात हलला असेल,
थोडी पांढऱ्या कापडावर सांडली, पसरत गेली.
सासूबाई मीठ आणायला धावल्या.

राहू द्या, मी म्हटलं.
डाग राहू द्या जरा.