निवू दे

गाडी बघायला जाताना सगळे पैसे जवळ नेऊ नयेत,
हे मी तुला बजावलं होतं, खाइन्झा.
तू नेलेस. कॉफीच्या पोत्याच्या सुतळीने
पोटाशी बांधून, आणि पावलागणिक तिथे हात लावत.
म्हणजे अर्ध्या म्बालेला कळलं असणार
की आज ही पोरगी काहीतरी घेऊन येणार.

गिदुदूने गाडी केळीखाली उभी केलेली. धुतलेली.
टाकी अशी पुसलेली की तिच्यात
वानालेचा अख्खा कडा उलटा लटकत होता.
तुझा चेहरा तिथेच विरघळला.
मी टाकीकडे बघत नाही.
तीस वर्षांत एकाही टाकीने मला खरं सांगितलेलं नाही.

खाली बसलो. गुडघे वाजले, माझे.
चेन दोन बोटं हलली; तेवढी हलावीच.
स्प्रॉकेटचे दात मांजराच्या नखांसारखे वाकलेले.
पुढचं चाक उचलून हँडल सोडलं,
ते फिरता फिरता मधोमध किंचित अडखळलं,
जसा एखादा माणूस नाव आठवताना थांबतो.
बेअरिंग. लिहून घे.
दोन्ही चाकांना धरून सुतळी ताणली: फ्रेम सरळ.
मग इंजिनाला उलटा हात लावला,
पोराचा ताप बघतात तसा.

गरम.

"सकाळी कोणी चालवली?"
"कोणी नाही," गिदुदू म्हणाला
आणि केळीच्या घडाकडे बघू लागला.

हा डाव मला पाठ आहे.
थंड इंजिन खरं बोलतं. खोकतं, धुरतं, कुरकुरतं.
गिऱ्हाईक येण्याआधी जो ते तापवून ठेवतो
त्याला काहीतरी झाकायचं असतं.
"बसतो आम्ही," मी म्हणालो. "निवू दे."

दीड तास.
त्याच्या बायकोने चहा आणला, उकडलेल्या शेंगा आणल्या.
कोणी कोणाशी बोललं नाही.
कोंबडी येऊन सायलेन्सरपाशी बसली, उठली,
म्हणजे अजून चटका होता.
तू तेवढ्यात चार वेळा आरशात बघितलंस.

वेळ जाईना म्हणून मी मागच्या मडगार्डखाली हात घातला.
ओली माती आली. लाल, आणि तिच्यात
नेच्याचं एक हिरवंगार पान.
गावात तीन आठवडे थेंब नाही.
ही माती फक्त वर, धबधब्याच्या वाटेवर असते.

मी हात पुढे केला. गिदुदूने पानाकडे पाहिलं.
"अंधारातच गेलो होतो," तो म्हणाला,
"अकरा वर्षं तिच्यावरून गेलो त्या वाटेने.
हल्ली रात्री समोरचे दिवे फुटून दिसतात.
आणि एवढा बाप्या गाडीला निरोप द्यायला जातो
म्हटलं तर लोक हसतील.
म्हणून धुतली."

मी हसलो नाही.
पण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला लावली,
आणि किक मारायला सांगितलं. तिसऱ्या किकेला लागली.
निळा धूर. रिंगा गेल्यात.
ते मी सांगितलं. ते वेगळं आणि हे वेगळं.

तो सव्वीस लाख शिलिंग म्हणत होता.
मी बावीसवर पाय रोवून उभा, अजून ताणली असती,
तर तू मधेच म्हणालीस, "चोवीस."
कोणी विचारलं होतं तुला?
सुतळीची गाठ दातांनी सोडवलीस तू,
त्याने मोजले नाहीत.

किल्ली देताना तो एवढंच बोलला:
"दुसरा गिअर कधी कधी रुसतो.
रागवायचं नाही. क्लच सोडायचा, परत दाबायचा."
हे मला स्क्रूड्रायव्हरने सांगितलं नव्हतं.

मी मागे बसलो, तुझ्याशी अबोला धरून.
दोन लाख म्हणजे दोन लाख.
बाजारच्या वळणावर दुसरा गिअर रुसला.
मी तोंड उघडलं,
तोवर तू क्लच सोडला होतास.