पाठ रंगवणारी

मी गुद्रुन. एसेनची.
तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या,
आणि दर ऑक्टोबरात तीन दिवस
माणसं.
रोलर तोच, चार इंची. प्रत्येकाला नवा, एकाचा दुसऱ्याला नाही.
रंग म्हणाल तर
कॉफीच्या कपात रात्रभर विसरलेला तळ असतो, तसा.
मंचावरचे दिवे दुष्ट असतात,
उघड्या कातडीवर पडले की दहा वर्षांची मेहनत
सपाट करून टाकतात.

लोक विचारतात, एवढे विजेते पाहिलेस,
सगळ्यांत थोर कोण?
मी काय सांगू? मला ते पाठीवरून ओळखू येतात.
ब्रेमेनचा ओटमार, पेशाने खाटीक,
खांद्यांच्या फटीत मसुराएवढा तीळ;
रोलर तिथे आला की आकडे मोजायचा थांबायचा.
पोर्ट सईदचा शेहाता,
गार रंग लागताच काटा यायचा त्याच्या अंगावर,
मग ओशाळून म्हणायचा, माफ करा बाई.
आणि एव्हर्टन. ब्रिजटाउनचा, बसवाल्याचा मुलगा.
सात वेळा पहिला.
म्हणायचा, मला कशाला रंग?
पण लाव. सगळे एकाच भट्टीतून निघाल्यासारखे दिसू देत.

आठव्या वर्षी, पहाटे पाच वाजता,
दीड दिवस त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.
ओठ सुकलेल्या मातीसारखे.
म्हणाला, गुद्रुन, पाण्याबद्दल काहीतरी सांग.

मी वडिलांच्या खाणीतली न्हाणी सांगितली.
पाळी सुटली की चाळीस माणसं,
छताला साखळ्यांनी टांगलेले कपडे,
आणि गरम पाणी, एवढं गरम की समोरचा दिसू नये.
एकामागे एक उभे राहायचे.
पुढच्याची पाठ मागच्याने घासायची,
कारण कोळसा नेमका तिथेच बसतो
जिथे आपला हात पोचत नाही.
वडिलांची पाठ काझिमिर घासायचा.
एका कबुतरावरून दोघांचं बिनसलं,
नऊ वर्षं एक शब्द नाही.
पाठ मात्र रोज. साबण लावून, नीट.

एव्हर्टनला हसू आलं, पण हसला नाही; ओठ फुटले असते.
मग विचारलं, माझी कशी आहे?
सात सुवर्णपदकं या पाठीची,
आणि त्याने ती पाहिली होती फक्त फोटोत,
आरशात मान मोडून अर्धीमुर्धी.

मला कळलं होतं.
कमरेच्या वर डावीकडे रोलर जरा मऊ जागेवरून गेला होता,
जिथे मागच्या वर्षी दोरखंड होते.
आणि त्याच्या आधी तासाभरापूर्वी
मी एका पोराची पाठ रंगवली होती, तेवीस वर्षांचा,
तिच्यावर रोलर चढताना मनगट दुखलं होतं.
मी म्हणाले, हात वर कर, काखेत राहिलंय.

मंचामागच्या काळ्या पडद्याला एक चीर आहे.
तिथून मी बघते.
पंच म्हणतात, वळा,
आणि सगळे सभागृहाकडे पाठ करतात.
हजारो लोक ओरडत असतात त्या पाठींकडे बघून.
तोंडं माझ्याकडे.
पुढून चिकटवलेलं हसू इकडे कोणी आणत नाही.
एव्हर्टनचे हात वर, मुठी वळलेल्या, सगळं अंग थरथरतंय,
आणि चेहरा
शाळेच्या फाटकाशी न्यायला कोणी न आलेल्या मुलाचा.
त्याला ठाऊक होतं. मी सांगायची गरजच नव्हती.
डोळे त्या चिरेवर होते. मी हलले नाही.

पोराचं नाव पुकारलं.
एव्हर्टनने त्याची पाठ थोपटली, हात तपकिरी झाला.

नंतर तो दोन बाटल्या पाणी प्यायला, उभ्यानेच.
हनुवटीवरून छातीकडे ओघळ गेले,
तिथला रंग उतरला.
मी टॉवेल भिजवला, म्हटलं, फिर.

हॉटेलने चादरींचे पैसे लावले.
दर वर्षी लावतात.