कुरूप

बिब्बा लावला होता, म्हणून काळं कुणाला दिसलंच नाही.
डाव्या टाचेवर, शेंगदाण्याएवढं.
बाबा म्हणाले, कुरूप आसा.
चाळीस वर्षं तोंडवळीच्या वाळूत टाच रोवून
रापणीचा दोर ओढणाऱ्याला
कुरूप नाही तर काय होणार?
आई सुईवर बिब्बा तापवायची, चटका द्यायची.
डाग पसरला, तो बिब्ब्याचाच
असं धरून आम्ही दोन पावसाळे काढले.
मग जांघेत गाठ आली, करवंदाएवढी.

तुकडा तपासून आला. कागदावरचा शब्द
वाडीत कुणाच्या जिभेवर बसेना.
मेलानोमा, मी वाचलं.
बाबांनी कान पुढे केला,
आणि खोकल्यासारखे हसले :
"मेलो नाय मां!"

डॉक्टरांनी पावतीच्या पाठीवर दोन गोल काढले.
हा राखणदार. ही गाठीची पेशी.
राखणदार जवळ येतो, ती हात पुढे करते,
म्हणते, मी घरचीच.
तो माघारी फिरतो.
आपलं औषध तो हात मधेच धरून ठेवतं, एवढंच.
बाबा बराच वेळ गोलांकडे बघत राहिले.
"आमच्या राखणदाराकय
विडी ठेवली की गप बसता."

इंजेक्शन कोल्हापुराहून, थर्माकोलच्या खोक्यात.
फोंडाघाट उतरताना कंडक्टर ओरडला,
मासळी मागे ठेवा, वास येतो.
मी खोकं मांडीवरून हलवलं नाही.
त्यात आईच्या दोन पाटल्या होत्या
आणि होडीचं इंजिन होतं,
बर्फावर, एका बोटाएवढ्या बाटलीत.

परतीच्या वाटेने रक्त जायचं. रात्रीच्या पुणे गाडीने,
ड्रायव्हरच्या हातात, दोन नळ्या.
मी सवयीने बर्फ भरायला गेले
तर फोनवर हुमेरा जवळजवळ किंचाळली,
नको, नको, बर्फ नको, मला पेशी जिवंत हव्यात!
आमच्या घरात बर्फाशिवाय
काही बाहेर गेलं नव्हतं आजवर.

ती प्रयोगशाळेत मोजते.
बाबांना ती शून्य-एकोणीस म्हणते,
कधी चुकून काका.
सांगते, पेशी थकतात हो.
मार खाऊन नाही,
समोर रोज तेच तेच बघून बघून.
मी आईकडे पाहिलं. आई बांगडे साफ करत होती.
पाचव्या बाटलीनंतर हुमेरा म्हणाली,
आज बऱ्याच जाग्या दिसतात.
बऱ्याच म्हणजे किती, मी विचारलं.
ती म्हणाली, अजून एका माणसावरून काही म्हणता येत नाही.
त्या एका माणसाने तेव्हा भाताला नको म्हटलं होतं.

मग बोटांवर पांढरं आलं.
आधी नखांशी, मग मनगटापर्यंत,
मग एक भुवई.
वाडीने आवाज खाली केला : कोड.
वाटे घालताना जयवंत तांडेलने
बाबांचा वाटा हातात दिला नाही,
वाळूवर ठेवला.
बाबांनी वाळू झटकून एकेक तारली उचलली.

डॉक्टर मात्र खूश.
राखणदारांनी रंग ओळखला, म्हणाले,
आता ते रंगाच्या मागावर आहेत.
पण हा रंग तर साधा होता, मी म्हटलं,
उन्हाने दिलेला, याने काय केलं होतं?
डॉक्टरांनी चष्मा पुसला.
कुठे थांबायचं, ते बाटलीत नसतं.

गाठ आता चिंचोक्याएवढी. पुढचा स्कॅन नारळी पौर्णिमेनंतर.
हुमेराने हातांचे फोटो मागितलेत.
बाबा दोराच्या शेवटी बसून वेटोळी घालतात,
ओढत नाहीत.
फोटोत एक हात पांढरा, एक अजून बाबांचा.
"काळो गेलो, धवो इलो," ते म्हणतात,
"मी खयलो, तां इचार तिका."

टाचेवर मांडीची कातडी लावलीय.
मऊ आहे, कधी उन्हात न गेलेली.
ओल्या वाळूत पाय ठेवला की
ती अजून दचकते.